दादा, चित्र अजून फुटतंय

दादा, तुझा अँटेना घेऊन मी सकाळपासून घरभर हिंडतेय. खिडकीत ठेवला. फ्रिजवर ठेवला. लोखंडी कपाटावर ठेवला, तर तुझंच वाक्य आठवलं, "लोखंडाजवळ नको गं, येडे," म्हणून तिथून काढून दाराच्या चौकटीला चिकटपट्टीनं चिकटवला. घटकाभर बातम्या देणारी बाई नीट दिसली. मग तिच्या तोंडाचे चौकोन-चौकोन झाले, आवाज गचके खात बंद पडला, आणि अँटेना सुटून डाळीच्या डब्यावर आदळला. आतून माय म्हणाली, "काय पाडलंस गं?" म्हटलं, काही नाही, तू पड जरा. ती काही पडली नाही. मलाही बसवत नाहीये. बसले की समोर तुझी खुर्ची येते, म्हणून उभीच आहे.

परवा तुझा जलदान विधी झाला. गच्चीवर मांडव घातला होता. नांदेडकडची सगळी भावकी हैदराबादला आली, तुझ्या ऑफिसातले आले, मलकपेठच्या जुन्या गल्लीतलेही आले. भंतेजींनी वंदना घेतली आणि मग आपल्या लोकांच्या पद्धतीप्रमाणे एकेक जण माईक धरून बोलायला उभा राहिला. सगळ्यांचा एकच सूर. काय तर म्हणे, दादा फार समजूतदार माणूस होता, कुणाशी वाद म्हणून नाही घातला. मी पहिल्या रांगेत बसलेली. तोंडाला पदर लावला तो रडू आवरायला नव्हे रे, हसू आवरायला. समजूतदार! तू! रिमोटचे सेल कुठल्या बाजूनं घालायचे यावरून माझ्याशी अर्धा तास भांडणारा माणूस. मग हसता हसता खरंच रडू आलं, आणि ते काही केल्या थांबेना. लोकांना वाटलं, बहिणीला फार लागलंय. लागलंच आहे.

ऑफिसात जेवणाचा डबा उघडलास, भाकरी मोडलीस आणि तसाच बाजूला कललास, असं सांगितलं तुझ्या लोकांनी. हे काय जाणं झालं? आपलं बोलणं अर्धवट सोडून उठायची तुझी जुनी खोड, पण याला काही मर्यादा?

कारण खरा प्रश्न तसाच पडलाय, दादा. मायचं काय?

वहिनी गेल्यापासून या अंबरपेठच्या दोन खोल्यांत तुम्ही दोघंच. मी तारनाक्याला. माझ्याकडे लिफ्ट आहे, मायसाठी वेगळी खोली आहे, बाथरूममध्ये धरायला दांडासुद्धा लावून घेतलाय. मी म्हणायचे, तू दिवसभर ऑफिसात, ती घरात एकटी, पडलीबिडली म्हणजे? तू म्हणायचास, ती इथून हलणार नाही, हे तिचं घर आहे. मी म्हणायचे, तू तिला हलू देत नाहीस. तू म्हणायचास, तुला सगळं आपल्या ताब्यात पाहिजे. वर्षानुवर्षं हेच. आणि गेल्या वर्षी तू ते बोललास. "तुझ्या घरात नवरा तेलुगू, पोरं तेलुगू, कामवाली तेलुगू. माय बोलणार कुणाशी? भिंतीशी?"

फार लागलं ते. माझ्या लग्नाला सगळी भावकी नाही म्हणत होती तेव्हा एकटा तू उभा राहिला होतास. "पोरगा चांगला आहे, बस्स, बाकी मी बघतो," म्हणाला होतास. मामाच्या तोंडावर म्हणाला होतास. त्या एका वाक्यावर माझा संसार उभा आहे, हे मी कुणालाही सांगेन. आणि त्याच लग्नाचं दांडकं करून तू माझ्याच पाठीत घातलंस. मी फोन ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तुझाच फोन, जसं काही घडलंच नाही. "सुने, सिग्नल गेला बघ परत." मीही लगेच म्हटलं, वायर तपासलीस का? ते भांडण काही मिटलं नाही. ते नुसतं अँटेनावर सरकलं.

अँटेना हे तुझं खूळ. म्हणजे खूळ मी म्हणायचे, तुझ्या लेखी तो पुरावा होता. गल्लीतल्या केबलवाल्यानं तारा गुंडाळल्या, आता सगळं इंटरनेटवरच घ्या म्हणाला, तेव्हा मी मोठ्या हौसेनं नवा स्मार्ट टीव्ही आणून दिला. त्यात काय काय होतं, काही विचारू नकोस. मायनं एक बटण दाबलं की दुकान उघडायचं, दुसरं दाबलं की कुणीतरी नाचायला लागायचं, आणि मागं कसं यायचं हे तिला काही कळेना. एकदा तू संध्याकाळी आलास तर माय टीव्हीसमोर हात जोडून बसलेली. पडद्यावर माईकचं चित्र आणि खाली 'बोला'. ती दुपारपासून त्याला समजावत होती, "बाबा, मला बातम्या बघायच्यात, नुसत्या बातम्या." आधी मराठीत सांगून पाहिलं, मग "बातम्या लगाव ना बाबा" असं हैदराबादी हिंदीत. तू मला फोन करून हे सांगितलंस तेव्हा हसत होतास, पण पुढचं वाक्य हसून बोलला नाहीस. "तुझ्या टीव्हीनं तिला परेशान केलं, सुने. घरात बसून ती एक टीव्ही लावू शकत नाही, तर उद्या तूच म्हणशील, बघ, तिला एकटं ठेवता येत नाही."

म्हणशील काय, मी म्हणतच होते.

मग तू शोधून काढलंस की माझ्याच टीव्हीत हवेतलं पकडायची सोय आहे. वेगळा डबा नको, इंटरनेट नको. सरकारी चॅनल हवेतून फुकट येतात, मोजकेच येतात, म्हणून हरवायची भीती नाही. एक बटण दाबलं की बातम्या, दुसरं दाबलं की संध्याकाळचा शेतीचा कार्यक्रम. मायला एवढंच लागतं. शेतीचा तर ती एक दिवस चुकवत नाही. आपली कधी शेती नव्हती, लोकांच्या रानात राबून तिचं बालपण गेलं, तरी धानावर कुठला रोग पडला हे ती मला फोनवर सांगते. फक्त घरात ठेवायचा एक चांगला अँटेना पाहिजे, म्हणालास. आणि तिथून आपले हाल सुरू झाले.

कोठीच्या बाजारातल्या त्या टीव्ही-रेडिओच्या गल्लीत आपण दोघं गेलो होतो. दुकानदारानं माझ्यासमोर एक भलामोठा खोका ठेवला. "ये लेव बाजी, बूस्टरवाला. सौ किलोमीटर से खेंचता."

तू चष्मा पुसत म्हणालास, "अरे मियां, टॉवर रामंतापूर में है. मेरा घर अंबरपेठ में. सौ किलोमीटर पो जाके मेरेकू क्या करना?"

तो हसला. "फिर तो सादा वाला बी बस है साब."

मी म्हटलं, जास्त ताकदीचा घेतला तर बिघडतं काय? तू भर गल्लीत मला शिकवायला सुरुवात केलीस. टॉवर लांब असेल तर बूस्टर. जवळ असेल तर तो उलटा त्रास देतो, शेजारी बसलेल्या माणसाच्या कानात भोंगा लावल्यासारखं होतं. खोक्यावरच्या किलोमीटरला काही अर्थ नसतो. आधी टॉवर कुठल्या दिशेला ते बघायचं, मग खिडकी बघायची, मगच अँटेना. लोकांनी वळून बघितलं. तू दोन दांड्यांचा साधा घेतलास. मी चिडून दुसऱ्या दिवशी बूस्टरवाला मागवला आणि तुझ्या घरी पाठवला. त्यानं एकही चॅनल पकडला नाही. बाई गं, केवढा आनंद झाला तुला! आठवडाभर रोज फोन. "तुझा शंभर किलोमीटरवाला खोक्यात आराम करतोय बघ."

पण तुझाही चालला नाही ना रे. रविवारी दुपारी तू सगळ्या घरात फिरवून जागा शोधायचास. पूर्वेच्या खिडकीतली ती रुंद फळी, बुद्धमूर्तीच्या शेजारी. तिथं चित्र कसं, आरशासारखं. चॅनल पुन्हा शोधून घ्यायचास, वायर सरळ करायचास आणि मला फोटो पाठवायचास. सोमवारी संध्याकाळी चौकोन. मंगळवारी माझ्या जेवणाच्या सुट्टीत तुझा फोन. आधी कबुतरांवर संशय. मग समोरच्या नव्या बिल्डिंगीच्या सळयांवर. मग खालच्या मजल्यावरच्या मावशींच्या, आपण खाला म्हणतो त्यांच्या, फ्रिजवर. बिचाऱ्या खाला घाबरून म्हणाल्या, "भय्या, बंद करके रखूं क्या?" मग तू तो चपटा अँटेना आणलास, वहीच्या पुठ्ठ्याएवढा. रविवारी झक्कास. सोमवारी परत तेच. मी म्हणायचे, अँटेना चुकीचा निवडलास. तू म्हणायचास, टीव्ही चुकीचा आणलास.

या फोनांमध्ये आपण एकमेकांना दुसरं काही विचारायचो का रे? तब्येत बरी का, हो, बरी, संपलं. तुझ्या छातीत काही दुखत होतं का, हे तू बोलला नाहीस. मी तुला कधी म्हटलं नाही की रोज दुपारी तुझा फोन आला नाही तर मला डबा गोड लागत नाही. असं कोण कुणाला म्हणतं आपल्यात? आता दुपारी फोन हातात घेऊन बसते आणि राग येतो. तुझा येतो, माझा येतो, त्या कबुतरांचासुद्धा येतो.

मलकपेठला भाड्याच्या खोलीत होतो तेव्हा सकाळी सकाळी तू मला सायकलच्या दांडीवर बसवून रेसकोर्सच्या भिंतीपाशी न्यायचास, घोडे दाखवायला. भिंत उंच. तू मला खांद्यावर घ्यायचास. मी वरून सांगायचे, काळा पळाला, तांबडा पळाला. तुला खाली भिंतीशिवाय काही दिसायचं नाही. इतक्या वर्षांनी कळतंय, तू एकदाही घोडे पाहिले नाहीस. माझ्या बँकेच्या परीक्षेला भर उन्हात गेटबाहेर उभा राहिलास, आणि बाहेर आल्यावर पेपर कसा गेला हे न विचारता "आधी लस्सी पी" म्हणालास. मी हे कधी बोलले नाही. आता बोलतेय तर ऐकायला तू नाहीस. हा कुठला न्याय?

इथपर्यंत लिहून उठले होते. आता संध्याकाळ झालीय आणि तुला सांगायलाच पाहिजे असं काहीतरी घडलंय.

चारच्या सुमाराला मी शेवटी हट्ट सोडला आणि चपटा अँटेना तुझ्या जागेवर ठेवला, पूर्वेच्या फळीवर, मूर्तीच्या शेजारी. चॅनल पुन्हा शोधले. काय सांगू दादा, एकही चौकोन नाही. निवेदिकेच्या साडीच्या काठावरच्या रेघा मोजाव्यात इतकं स्वच्छ. मी ओरडलेच, "माय, ये, आलं!" माय आली, बसली, बघितलं. मी चहा ठेवायला आत गेले. तुला सांगते, मनात ठरवलं होतं, आता हा बंद पडेपर्यंत टीव्हीसमोरून हलायचं नाही, बिघडतं कशानं ते बघायचंच. इतके दिवस घरात माणसांची ये-जा, टीव्ही लावला कुणी होता?

चहा घेऊन आले तर माय फळीपाशी उभी. हात धुतलेले, डोक्यावर पदर. तिनं अँटेना उचलला, वायर त्याच्याभोवती गुंडाळली, आणि भांड्यांच्या रॅकवर नेऊन ठेवला. स्टीलच्या ताटांच्या मागं. मग मेणबत्ती लावली, फूल ठेवलं आणि त्रिशरण म्हणायला लागली. मी ट्रे धरून तशीच. पंचशील झालं, तिनं नमस्कार केला, रॅकवरून अँटेना आणला आणि ठेवला आपला कसाही, वायरीचं वेटोळं तसंच, तोंड भिंतीकडं. टीव्हीवर चौकोन.

"माय! तूच हलवतीस हा?"

"मग? तिथं मेणबत्ती लावते मी. वायरीला आच लागंल."

"रोज?"

"रोज वंदना करते तर रोजच की. सकाळी अन् संध्याकाळी. रविवारी तेवढं दादासंगं विहारात जाते."

दादा, रविवार! म्हणून रविवारी चित्र टिकायचं! तू सकाळी दूध आणायला बाहेर, संध्याकाळी उशिरा घरी. तुला कधी दिसलंच नाही. दोन अँटेना तू घेतलेस, एक मी, खालांच्या फ्रिजला दोष लावला, आणि इथं माय दिवसातून दोनदा तुझा सिग्नल गुंडाळून ताटांमागं ठेवत होती. मला इतकं हसू आलं की चहा सांडला. आणि तुला फोन करायला मी खरोखर हात पुढं केला. सवयच ती. मग हसू गेलं.

"अगं, मग त्याला सांगितलं का नाहीस? तो किती बेजार झाला!"

माय शांतपणे खाली बसली. "त्यानं मला कवा विचारलं? तुला फोन लावायचा अन् दोघं भांडत बसायचे. आज खिडकी, उद्या वायर. मी इथंच बसलेली असायचे. मला कोण विचारतंय?"

ती काही टोमणा मारत नव्हती. अँटेनाबद्दलच बोलत होती. पण मला आपलं दुसरंच भांडण आठवलं. कारण खरंच की रे. तू म्हणायचास ती हलणार नाही, मी म्हणायचे तिला माझ्याकडे बरं पडेल. तिच्या डोक्यावरून आपण वर्षानुवर्षं भांडलो, आणि तिला एकदाही नाही विचारलं.

म्हणून मी विचारलं. तिच्यासमोर मांडी घातली आणि विचारलं, "माय, तुला कुठं राहायचंय? इथं का माझ्याकडे? मी काही म्हणत नाही, तू सांग."

"मी तर कवाच आले असते तुझ्याकडं."

"काय?"

"तुझ्याकडं पोरं हायत, माणसं हायत. इथं दिवसभर काय हाय? पण त्याला टाकून कशी येऊ? सून गेल्यापासून त्यो दारात आला की चपला काढायच्या आधी मला हाक मारायचा. आत कुणीतरी ओ द्यायला नको?"

"पण तो म्हणायचा, माय इथून हलणार नाही."

"म्हणू दिलं त्याला. मला एकटं वाटतंय असं त्यो तोंडानं सांगणार होता व्हय? आईसाठी राहतो म्हणलं की बरं वाटायचं त्याला. मी बी हूं म्हणलं."

मी म्हटलं, आणि तेलुगू? आमच्या घरी तुझ्याशी मराठी बोलायला मी एकटीच. दादा म्हणायचा, माय भिंतीशी बोलेल. तर ती हसली, दादा. तू गेल्यापासून पहिल्यांदा हसली. "अगं, रोज संध्याकाळी शेतीचं काय मी मराठीत बघते? भाजीवाली काय मराठी बोलती? तुझा नवरा काय बोलतो ते मला सगळं कळतंय. माझं त्याला कळत न्हाई, ते त्यानं शिकावं."

आणि मग पदरानं डोळे पुसून, एकदम कामाचं बोलावं तसं म्हणाली, "तुझी रजा संपायच्या आत मला घेऊन चल. आता इथं कुणाची वाट बघू?"

आतल्या खोलीत ती साड्यांच्या घड्या घालतेय. मला आवाज येतोय. मी इथं बाहेरच्या खोलीत फिरतेय, दारापासून खिडकीपर्यंत आणि परत. इतकी वर्षं मला हेच पाहिजे होतं ना? खोली तयार आहे, दांडा लावलाय, नवऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, आत्ता गाडी घेऊन येतो. आता कुणाशी वाद घालायचा राहिला नाही. तुला वाटायचं तू तिला सांभाळतोस, मला वाटायचं तू तिला अडवून धरलंस, आणि ती आपली तुझ्या हाकेला ओ द्यायला बसून राहिली होती. हे तुला कुणी सांगायचं? मी सांगितलं असतं तर तू मानलंही नसतंस. दोन तास भांडला असतास.

मी जिंकले, दादा. आणि मला नकोय हे असलं जिंकणं. तू फोन कर. ओरड माझ्यावर. म्हण, नाही पाठवत मायला, जा.